वय झालं म्हणून विसरतात? तपासताना या चुका टाळा

घरातल्या ज्येष्ठांचं चालणं मंदावलं की आपण ‘वय झालं’ म्हणून विषय संपवतो. ही चूक महागात पडू शकते. चालताना पायांइतकंच काम मेंदूला असतं: तोल, लक्ष, पुढच्या पावलाचा अंदाज. चाल मंदावली आहे आणि विसरण्याचीही तक्रार आहे, अशा माणसांमध्ये पुढे डिमेन्शियाचा (स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा) धोका जास्त आढळतो. बोलायला लागलं की पाऊल थांबतं का, हेही बघा. पडण्याचा धोका त्यातून कळतो.

वेग घरीही मोजता येतो. सहा मीटर अंतर आखा, पण चालायला थोडं मागून सुरू करू द्या. ‘भरभर चला’ म्हणू नका, नेहमीची चालच हवी. स्नायूंच्या झिजेसाठीच्या २०१९ च्या आशियाई निकषांनुसार सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेग म्हणजे मंद. हाताच्या पकडीचा जोर यंत्रावर मोजतात; तो पुरुषांमध्ये २८ किलोपेक्षा, स्त्रियांमध्ये १८ किलोपेक्षा कमी भरला तर पकड कमकुवत.

मात्र पकड कमी भरली म्हणून बुद्धी उतरली, असं धरून चालू नका. अंगठ्याचा सांधा दुखत असला तरी आकडा घसरतो. शिवाय शरीर आणि बुद्धीचा हा संबंध मोठ्या गटांच्या सरासरीत दिसतो, एका माणसाचं निदान त्यावरून होत नाही.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो ऐकू न येणाऱ्यांवर. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारतात. जे नीट ऐकूच आलं नाही, ते आठवणार कुठून? पण गुण जातात, आणि घरचे घाबरतात. म्हणून आधी कानातला मळ तपासून घ्या, श्रवणयंत्राची बॅटरी बघा, चष्मा लावायला सांगा, उजेडात समोर बसून सावकाश बोला. कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं, दोन्हींवर उपाय न करणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या १४ धोक्यांत धरलं आहे.

बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांनीही विसरायला होतं. रक्ततपासणी आणि डॉक्टरांशी मोकळं बोलणं टाळू नका.

आणि एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ती म्हातारपणाची विस्मृती नव्हे. जंतुसंसर्ग, सोडियम घटणं किंवा नवी झोपेची गोळी असं कारण असू शकतं. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.