सी प्रोग्रामिंग भाषेत द्विमितीय अ‍ॅरेत रँडम अक्षरं कशी भरावीत

शब्दशोधाचं कोडं बनवायचं असलं की पहिलं काम हेच: चौकट आखायची आणि घराघरात मनाला येईल ते अक्षर टाकायचं.

तीन हेडर फाइल लागतील: छपाईसाठी एसटीडीआयओ, रँडम आकड्यांसाठी एसटीडीलिब आणि घड्याळासाठी टाइम. मेन या मुख्य फंक्शनमध्ये कॅर प्रकारचा (घरागणिक एक बाइटचं अक्षर) १० बाय १० चा अ‍ॅरे घ्या, हीच आपली चौकट. एकात एक दोन फॉर लूप लावा, बाहेरचा ओळींसाठी, आतला स्तंभांसाठी. दोन्ही ० ते ९.

खरं काम आतल्या लूपमधल्या एका ओळीचं. रँड फंक्शनने दिलेल्या आकड्याला टक्क्याचं चिन्ह वापरून २६ ने भागा आणि उरलेली बाकी स्मॉल 'ए'मध्ये मिळवा. बाकी ० ते २५ मध्येच येणार. आस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीत, स्मॉल 'ए'चा कोड ९७, म्हणजे ९७ ते १२२, थेट 'झेड'पर्यंत. पण कोडमध्ये ९७ लिहू नका, एकेरी अवतरणात अक्षरच लिहा. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता हमखास चुकणारी जागा. रँडला सुरुवातीचा आकडा, म्हणजे बीज, देणारं एसरँड फंक्शन बोलावलंच नाही, तर प्रोग्राम दर वेळी तीच चौकट दाखवतो. म्हणून त्याला टाइमने दिलेली वेळ द्यायची, पण लूपच्या आधी आणि एकदाच. मी सुरुवातीला ते आतल्या लूपमध्ये टाकलं होतं. पडद्यावर शंभरच्या शंभर घरांत 'क्यू'! टाइम सहसा पूर्ण सेकंदांत मोजतं आणि शंभर घरं सेकंदाच्या आतच भरून होतात. दर घराला बीज तेच, मग अक्षरही तेच.

छापताना टक्का-सी (एकच अक्षर छापणारं) वापरा. टक्का-एस (अख्खी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ छापणारं) नको, कारण ओळीच्या शेवटी स्ट्रिंग संपल्याची खूण असलेलं शून्य कॅरेक्टर नाही. छपाई थांबायची कुठे हे त्याला कळणारच नाही. आतला लूप संपला की नवी ओळ.

एक बारकावा. रँडची कमाल मर्यादा ३२७६७ असेल, तर एकूण ३२७६८ आकड्यांना २६ ने भागल्यावर ८ उरतात. त्यामुळे 'ए' ते 'एच' या अक्षरांना १२६१ संधी, बाकीच्यांना १२६०. कोड्यासाठी हे विसरा. पासवर्डसाठी मात्र रँड वापरूच नका.

आणि हो, 'क', 'ख' भरायचे असतील तर ही युक्ती चालत नाही. यूटीएफ-८ या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट घेतं, ते एका कॅरमध्ये मावत नाही. तिथे अक्षरांच्या स्ट्रिंगची यादी करा आणि रँडने यादीतला क्रमांक निवडा.