मृगाच्या आधी: सोयाबीनसाठी जिवाणूंची तयारी

सोयाबीन मृगात पेरायचं असेल, तर खताची तयारी मे महिन्याच्या मध्यालाच सुरू करा. आधी उकिरड्यात खोल हात घालून मूठभर शेणखत काढा. काळपट, भुसभुशीत आणि मातकट वासाचं असेल तरच ते घ्यायचं. आतून ऊब लागली किंवा शेणाचा वास आला, तर ते अजून कुजतंय. कुजत्या ढिगाच्या आत ५० ते ६० अंश उष्णता असते आणि त्यात आपण पुढे मिसळणार ते उपयोगी जिवाणू आणि बुरशी मरून जातात.

असं कुजलेलं १०० किलो खत एकरासाठी सावलीत पसरा. जागा लिंबाखालची बघा, पत्र्याखालची नको. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्रा भट्टीसारखा तापतो. त्यात २ किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) आणि २ किलो पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) कालवा. पाणी इतकंच शिंपडा, की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये. वर ओलं गोणपाट टाका, तीन-चार दिवसांनी खालवर करा आणि पंधरवडाभर ओल मोडू देऊ नका. ही मेहनत मला फार मोलाची वाटते, कारण आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) चुन्याला धरून बसतं. पीएसबीचे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून ते मोकळं करतात. तयार खत वखराच्या शेवटच्या पाळीला, ऊन उतरल्यावर रानात टाका आणि लगेच मातीआड करा.

रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला देणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट घेताना त्यावरची मुदत आणि पिकाचं नाव दोन्ही वाचा. सोयाबीनला सोयाबीनचंच लागतं. तुरीचं किंवा हरभऱ्याचं चालत नाही. दुकानदाराने पाकिटं उन्हात मांडली असतील तर दुसरं दुकान गाठा. घरी माठाजवळच्या गारव्यात ठेवा, युरिया-डीएपीच्या पोत्यांशेजारी नको.

दरम्यान १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण बघून घ्या. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं.

बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावा आणि वाळू द्या. जिवाणू नेहमी शेवटी. १२५ ग्रॅम गूळ लिटरभर पाण्यात उकळून पूर्ण गार करा. कोमट पाणीही नको. १० किलो बियाण्याला रायझोबियम आणि पीएसबी प्रत्येकी २५० ग्रॅम धरा. ३० किलोला प्रत्येकी तीन पाकिटं झाली. गुळाचं पाणी सगळं ओतू नका, दाण्याला पूड चिकटेल इतकंच घ्या. सोयाबीनची साल पातळ असते, जोरात चोळलं की सुटते आणि उगवण जाते. म्हणून ताडपत्रीवर हलक्या हाताने खालवर करा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. अर्थात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाल्यावरच. रासायनिक खतात हे बियाणं मिसळू नका.

पेरणीनंतर पाचेक आठवड्यांनी दोन-चार झाडं फावड्याने मुळासकट उचला. ओढून काढली तर गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात धुऊन गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली, तर हवेतला नत्र झाडाला मिळतोय आणि युरिया टाकायची गरज नाही. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर पुढच्या वर्षी पाकीट कुठून आणलं आणि कुठे ठेवलं, इथपासून तपासा.