‘बदलापूर’चा शेवट कसा बघायचा

श्रीराम राघवनचा 2015 चा ‘बदलापूर’ हा हिंदी सिनेमा ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.

बरेच जण म्हणतात सूड घेतला खरा पण शेवटी काही मजा नाही आली, समाधानच नाही. माझ्या मते आपण शेवटचा भाग सुटा बघतो तिथेच गडबड होते, म्हणून आधी मागे जा. पुण्यातला रस्ता, कॅमेरा हलत नाही, बँकेवर दरोडा पडतो आणि पळताना लायक आणि हरमन हे दोघे दरोडेखोर मिशाची गाडी पळवतात, तिचं पोरगं गाडीतून खाली पडतं, मिशाला गोळी लागते. हे सगळं घाबरून, घाईघाईत झालंय. म्हणून गुन्हा लहान होत नाही, पण ठरवून केलेला नाही एवढं डोक्यात ठेवा.

आता रघू, म्हणजे मिशाचा नवरा (वरुण धवन). त्याच्याकडे 15 वर्षं होती. हरमन आणि त्याची बायको कांचन, दोघांना तो हातोडीने मारतो आणि मारायच्या आधी कांचनला जे करायला लावतो ते आठवा, हरमन दाराबाहेर ऐकतोय. प्रत्येक ठिकाणी पॉज करा आणि बघा, इथे त्याला थांबता आलं असतं का? मला तरी दरवेळी हो असंच उत्तर मिळालं आणि वरुण धवनबद्दलची सहानुभूती हळूहळू गळत गेली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कैद्यांसाठी काम करणारी शोभा येते तिथे द्या, हे त्या खुनांच्या आधीचं आहे. जेलमधल्या लायकला कॅन्सर झालाय, थोडेच दिवस उरलेत, त्याला सोडायला तुमची हरकत नाही असं सांगा म्हणून ती रघूकडे येते. म्हणजे ज्याचं घर उद्ध्वस्त झालं त्याच्याच गळ्यात हा निर्णय, माफ करायचं की नाही, आणि खरं सांगते, त्याच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. रघू आधी नकार देतो आणि मग तयार होतो, पण लायकच्या आईकडून साथीदाराचं, म्हणजे हरमनचं, नाव काढून घेतल्यावर. माफीसुद्धा त्याने सौद्यात वापरली!! हे पटकन निसटतं, आणि शेवट कळायला हेच लागतं.

कारण लायक उलटं करतो. गोळी आपणच झाडली हे तो रघूला सांगतो, तोवर तो सगळं साथीदारावर ढकलत होता, म्हणजे रघूने ज्या दोघांना मारलं त्यातल्या कुणीच मिशावर गोळी झाडली नव्हती. आणि मग पोलिसांकडे जाऊन ते दोन्ही खून स्वतःच्या अंगावर घेतो, परत जेलमध्ये जातो, तिथेच मरतो. बदल्यात काहीच मागत नाही. नाव लायक, आणि नवाझुद्दीनने हा माणूस कुठेही संत केलेला नाही, ते फार आवडलं मला.

तो मरणारच होता, त्याचं काय गेलं, असं कोणी म्हणालं तर तो मुद्दा उडवून लावू नका, बरोबर आहे तो. फक्त एक विचारा, गप्प बसला असता तर रघू अडकला असता ना, मग का नाही बसला?

आपल्याकडे बदलापूरबद्दल सांगतात की पूर्वी इथे घोडे बदलायचे म्हणून हे नाव पडलं. हिंदी प्रेक्षकाला त्या नावात फक्त बदला ऐकू येतो, आपल्याला बदलसुद्धा येतो. शेवटी लायकची प्रेयसी झिमली रघूला भेटून लायकने काय केलं ते सांगते तेव्हा तिच्याकडे नाही, रघूकडे बघा, कारण आता त्याच्याकडे राग काढायलाही कोणी उरलेलं नाही आणि तो मोकळा फिरतोय.