फिट येणाऱ्यांना संगीत ऐकवायचं असेल तर

घरात कुणाला फिट येत असली की सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. हल्ली त्यात 'मोझार्ट ऐकवा', म्हणजे त्या जुन्या युरोपियन संगीतकाराचं संगीत ऐकवा, याची भर पडली आहे. हा सल्ला अगदीच हवेतला नाही. पण त्यात तथ्य किती, हे आधी पाहू.

मोझार्टने १७८१ मध्ये दोन पियानोंसाठी एक सोनाटा, म्हणजे काही भागांची वाद्यरचना, लिहिला. मोझार्टच्या रचनांच्या यादीतल्या क्रमांकावरून त्याची ओळख 'के. ४४८' अशी. १९९८ मध्ये अमेरिकेत जॉन ह्यूज आणि सहकाऱ्यांनी तो २९ रुग्णांना ऐकवला. त्यांतल्या २३ जणांच्या ईईजीवरच्या (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावरच्या) अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, खुणा ऐकताना कमी झाल्या, आणि यांत बेशुद्ध रुग्णही होते. म्हणजे 'आवडीचं ऐकलं, मन शांत झालं' एवढ्यावर हे प्रकरण भागत नाही. पुढे २०२० मध्ये टोरांटोतल्या अभ्यासात, हाच तुकडा रोज ऐकण्याच्या काळात रुग्णांना फिट कमी आल्या. त्यातलेच सूर विस्कटून ऐकवले तेव्हा तसं झालं नाही. अर्थात रुग्ण होते फक्त १३. आणि २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासून, पुरावा फार कच्चा आहे असा निष्कर्ष काढला.

तेव्हा गोळ्यांच्या जोडीला करून बघण्यासारखी गोष्ट, एवढ्याच अपेक्षेने पुढे वाचा. नियमित औषधांनी सुमारे ७० टक्के लोकांच्या फिट थांबू शकतात. तो भरवसा संगीत देत नाही.

१. आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. परवानगीपेक्षा एका खास कारणासाठी. काही मोजक्या लोकांना संगीतामुळेच फिट येते. प्रकार अतिशय दुर्मीळ आहे, पण आहे. एखादं गाणं, वाद्य किंवा चाल ऐकताना पूर्वी कधी फिट आली असेल, नजर एकाएकी शून्यात गेली असेल, तर हा प्रयोग घरी करूच नका.

२. संगीत सुरू करण्याआधी महिनाभर फिट नुसत्या मोजा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि मग 'फरक वाटतोय' यापलीकडे कुणाला काही सांगता येत नाही. एक साधी वही घ्या. तारीख, वेळ, फिट किती मिनिटं चालली, कशी होती, आदल्या रात्री झोप किती झाली, गोळी चुकली का, ताप होता का. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी, कारण काहींच्या फिटचा तिच्याशी संबंध असतो. हातपाय झटकले तरच ती फिट, असं समजू नका. काही सेकंद टक लावून बघत राहणं, ओठ चाटत राहणं हेही नोंदवा.

वहीतली एक ओळ अशी दिसेल: '१२ तारीख, पहाटे ५.१०, दीड मिनिट, डावा हात आखडला. रात्री १ ला झोपली. गोळी घेतली.' अशा आठ-दहा ओळी झाल्या की कधीकधी संगीताआधी जागरणाचाच बंदोबस्त करायला हवा, हे आपोआप दिसतं.

३. तुकडा आणि वेळ ठरवा. के. ४४८ चा पहिला भाग सादरीकरणानुसार सहा ते आठ मिनिटांचा आहे. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. झोपायच्या आधी लावला तर सवय टिकते. 'कुठलंही शांत संगीत चालेल' हा समज मात्र सोडा. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडनी मोजमाप केलं, तेव्हा मोझार्टने अपस्माराच्या खुणा घटल्या आणि हायडन या दुसऱ्या संगीतकाराच्या एका सिंफनीने (वाद्यवृंदाच्या रचनेने) उलट वाढल्या. आवडीचं गाणं आनंदासाठी खुशाल ऐका, पण प्रयोगात ते मिसळू नका.

४. मांडणी. फाइल डाउनलोड करून ठेवा. व्हिडिओ लावून देऊ नका: मधेच दणदणीत जाहिरात सुरू होते, आणि ज्यांना लुकलुकत्या प्रकाशाने फिट येते त्यांना स्क्रीनचा धोका वेगळाच. इअरफोनपेक्षा लहान स्पीकर बरा. झोपेत फिट आली तर गळ्याभोवती वायर नको. आवाज इतकाच ठेवा की शेजारी बसून सहज बोलता यावं. ऐकणारा कंटाळला, चिडला तर त्या दिवशी बंद. लहान मुलांवर तर सक्ती नकोच.

५. तीन महिने ऐकत आणि मोजत राहा, बाकी काही बदलू नका. नवा व्यायाम, नवा आहार, संगीत असं सगळं एकदम सुरू केलं तर श्रेय कुणाला द्यायचं ते कळणार नाही. डॉक्टरांनी मधे डोस बदलला तर डोस अर्थातच बदलायचा. वहीत तिथे जाड रेघ मारा आणि मोजणी नव्याने धरा.

ऐकता ऐकता फिट आली तर संगीत बंद करा, घड्याळ बघा. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर थेट दवाखान्यात. पुन्हा पुन्हा संगीत चालू असतानाच फिट येत असेल, तर प्रयोग तिथेच संपवा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

६. हिशेब. आधीच्या महिन्यात ८ आणि नंतर महिन्याला सरासरी ५, तर काहीतरी घडतंय असं म्हणायला जागा आहे. ८ च्या जागी ७ असेल तर नाही. फिट तशाही कमीजास्त होतच असतात. ज्यांना वर्षातून दोनदाच फिट येते, त्यांना तर तीन महिन्यांत काहीच ठरवता येणार नाही.

वही घेऊनच पुढच्या तपासणीला जा. आकडे चांगले आले तरी गोळी आपल्या मनाने कमी करू नका. अचानक गोळी थांबवल्याने एकामागून एक फिट येत राहिल्याची उदाहरणं डॉक्टरांकडे भरपूर असतात. आकडे जैसे थे असले, तर ऐकणं बंद करायला हरकत नाही. तोपर्यंत ते आवडायला लागलं असेल तर चालू ठेवा, फक्त वहीत त्याचा हिशेब ठेवणं सोडा.