फुटेज पुसलं जाण्याआधी

सप्टेंबर २०२४. चिंचवडमध्ये वळताना दादाच्या स्कूटरला कारने मागून ठोकलं, मांडीचं हाड मोडलं. कारवाल्याचं एकच पालुपद, ‘हाच अचानक आडवा आला.’

कोपऱ्यावरच्या मेडिकलला कॅमेरा होता. त्यांच्या डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात) ८ दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, मग जुन्यावर नवं चढतं. मी पोहोचले तो ५वा दिवस! मी मोबाइलने स्क्रीनचंच शूटिंग करणार होते, पण दुकानवाल्या काकांनी मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढून दिली. त्यांचे उपकार विसरणार नाही. स्क्रीनवरची वेळ ११ मिनिटं पुढे होती. भिंतीवरचं घड्याळ आणि स्क्रीन एकाच फोटोत घेतलं, पोलिसांना विनंती करून पंचनाम्यातही तो फरक लिहवून घेतला. नाहीतर समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं डिजिटल फुटेज पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. एक भाग काकांनी भरला, दुसरा तज्ज्ञाने. फाइलचं हॅश मूल्यही (फाइलचा डिजिटल ठसा; फाइल बदलली तर तोही बदलतो) त्यात लिहिलं.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ते फुटेज लावलं. दादाचा उजवा इंडिकेटर धडकेपर्यंत लुकलुकत होता. ‘अचानक आडवा’ हा मुद्दा पुन्हा निघाला नाही.