आगोटीचं सामान नेहमीच्या दुकानातून कसं भरावं

कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी करताना भाव पाहून दुकान निवडू नये. वर्षभर जिथून पुड्या येतात, तिथेच जावं. कुठली सोलं (सुकवलेली कोकमं) कोणत्या वाडीतून आली आणि तुमच्या घरात आमटी किती आंबट लागते, हे त्या दुकानदाराला ठाऊक असतं. ही माहिती पाकिटावर छापलेली नसते.

मेच्या पहिल्या आठवड्यात यादी देऊन यावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सामान उचलावं. मिरची, कडवे वाल, कुळीथ यांना घरी दोन-तीन कडक उन्हं द्यायची असतात, आणि महिनाअखेर आभाळ येऊ लागलं की ती मिळत नाहीत. बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळच्या एसटीच्या वेळी जाऊ नये. गर्दीत पोतं उघडून दाखवायला कुणाला सवड नसते. सकाळी अकराच्या सुमारास निवांत बोलता येतं.

सर्वांत आधी सोलं. "शेट, सोलां औंदाची मां?" म्हणजे यंदाचीच ना, एवढं विचारावंच. नवी सोलं मऊ, काळसर लाल आणि बोटाला किंचित चिकटणारी असतात. जुनी कडक आणि काळी पडतात. वर पांढरा थर दिसला तर मीठ जास्त आहे, म्हणजे सोलांच्या भावात आपण मीठ विकत घेतो. एक तुकडा चाखावा: आधी आंबट आणि मग खारट लागला पाहिजे. उलट लागलं तर राहू द्यावं. रोज पाच-सहा सोलं धरली तर चौघांच्या घराला चार महिन्यांना एक ते सव्वा किलो पुरतात. सोलकढी वरचेवर होत असेल तर आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली वेगळी घ्यावी. सोलं काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत ठेवावीत. ॲल्युमिनियमच्या डब्यात आंबट-खारट पदार्थ धातूला खातो.

कुळथाचं पीठ चार महिन्यांचं एकदम घेतलं तर दमट हवेत त्याला जाळी लागते. अख्खे कुळीथ भरावेत आणि पीठ महिन्याला अर्धा किलो दळून आणावं. तिरफळं उघडलेली, आतली काळी बी काढलेली बघून घ्यावीत, कारण बी कडू असते.

१ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, म्हणून सुकी मासळी त्याआधीच हवी. जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी) मुठीत दाबून सोडला की मोकळा व्हावा. गोळा झाला तर तो ओला आहे आणि आठवड्यात बुरशी धरेल. बोंबीलही नीट वाळलाय ना, ते वाकवून पाहावं. सोडे (सोललेली सुकी कोळंबी) महाग, ते शेवटी, उरलेल्या पैशांत. मासळीची पिशवी तांदूळ आणि चहापत्तीपासून लांब बांधून मागावी.

काही खराब निघालं तर आठ दिवसांच्या आत तीच पुडी घेऊन जावं आणि गल्ल्यावर गिऱ्हाईक नसताना सांगावं. चांगला दुकानदार बदलून देतो, शिवाय त्या मालाचं उरलेलं पोतंही तपासतो.

आणि वहीतली मागची बाकी यादी देतानाच चुकती करावी. आगोटीचा माल भरायला दुकानदाराला याच दिवसांत रोख लागते. जुलैत वाट बंद असते, तेव्हा अर्धा किलो साखर पोराच्या हाती घरपोच पाठवणारं दुकान तेच असतं.