‘डाइड-इन-द-वूल’: कातण्याआधीचा रंग

शब्दकोशात ‘डाइड-इन-द-वूल’ (शब्दशः ‘लोकरीतच रंगवलेला’) या इंग्रजी विशेषणाचा अर्थ ‘कट्टर’ असा सापडतो. तेवढ्यावर वाक्य लिहायला गेलं की ते फसतं. हे विशेषण रंगाऱ्यांच्या कामातून आलंय, तेव्हा आधी लोकरीवर रंग कधी चढतो ते बघा.

रंग तीनदा देता येतो: कापड विणल्यावर, सूत कातल्यावर किंवा कातण्याआधी मोकळ्या लोकरीला. विणलेल्या कापडात धाग्यावर धागा दाबून बसतो, तिथे रंग नीट पोचत नाही. घट्ट पिळाच्या सुताचा गाभाही फिका राहू शकतो. मोकळ्या लोकरीचा मात्र तंतू न् तंतू भिजतो आणि कमी-जास्त बसलेला रंग पिंजताना मिसळून जातो. सोळाव्या शतकापासून इंग्रजीत हे विशेषण माणसाच्या मुरलेल्या स्वभावाला लागू झालं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या राजकारणात पक्षनिष्ठांसाठी ते रुळलं.

नाशिककरांनी येवल्याचा माग आठवावा. पैठणीचं रेशीम लडीतच रंगतं, मग मागावर चढतं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या; म्हणून तर कापड हलवलं की धूपछांव दिसते. अख्खं कापड एकाच रंगात बुडवून हे साधणार नाही. अर्थात हा झाला सुताचा टप्पा. आपल्या शब्दातला टप्पा त्याच्याही आधीचा.

म्हणून वापरण्यापूर्वी विचारा: हा रंग माणसाला कधी लागला? गेल्या निवडणुकीत पक्ष बदललेला कार्यकर्ता कितीही घोषणा देवो, त्याला हे विशेषण लागत नाही.

मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘हाडाचा’: हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक. पण ‘हाडाचा’ म्हणजे कौतुकच. इंग्रजी शब्दाला ‘हा काही बदलायचा नाही’ अशी हट्टाची छटा असते. राजकीय मतांबद्दल ‘कट्टर’ किंवा ‘पक्का’च बरा. शिफारसपत्रात तर हे विशेषण टाळाच.

स्पेलिंगमध्ये हमखास घोटाळा होतो. ‘डाइड’ इथे डी-वाय-ई-डी. वायच्या जागी आय आला की अर्थ ‘मेला’. नामाआधी आलं तर तिन्ही जोडरेघा द्या. क्रियापदानंतर आलं तर बरेच जण गाळतात. आणि आधी ‘व्हेरी’ लावू नका, रंग आधीच तंतूच्या आत पोचलेला आहे.